कोमेदिया देल्लार्तेचे पात्र कसे उभे करावे

सोळाव्या शतकात इटलीत बहरलेल्या कोमेदिया देल्लार्ते या नाट्यप्रकारात नटाच्या हाती लिहिलेले संवाद नसत. प्रसंगांचा क्रम सांगणारा त्रोटक आराखडा तेवढा ठरलेला असे आणि बाकीचे बोलणे आयत्या वेळी रचायचे असे. असे ५० आराखडे फ्लामिनियो स्काला या नटाने १६११ मध्ये छापले. ते चाळले की नटावर केवढी भिस्त होती हे लक्षात येते. ही भिस्त पेलत असे, कारण नट बहुधा वर्षानुवर्षे एकच पात्र करीत राही. म्हणून शिकणाऱ्यानेही सगळी पात्रे एकदम करून न पाहता एकच निवडावे.

निवडलेल्या पात्राला नेमके काय हवे आहे, हे आधी ठरवावे. चाल, आवाज आणि मुखवटा त्यानंतर. पांतालोने हा व्हेनिसचा म्हातारा व्यापारी. लाल अंगरखा, लाल तंग विजार, वर काळा झगा, बाकदार नाकाचा मुखवटा आणि टोकदार दाढी हे त्याचे रूप ठरलेले आहे. पण त्याचा जीव असतो कमरेच्या थैलीत. सरावासाठी खरोखरच कमरेला नाण्यांची थैली बांधावी आणि कोणीतरी ती हिसकावणार आहे अशा धास्तीने खोलीभर चालावे. पाठ आपोआप वाकते, पावले आखूड होतात. म्हातारपण दाखवायचे म्हणून वाकलेला पांतालोने मात्र पहिल्या पाच मिनिटांतच खोटा वाटू लागतो.

आर्लेक्किनो या नोकराची गोष्ट मला याहून जवळची वाटते. बेर्गामोच्या डोंगराळ भागातून पोटासाठी व्हेनिसला येऊन ओझी वाहणाऱ्या गरीब माणसांवरून त्याच्यासारखी नोकरपात्रे घडली आणि आर्लेक्किनोच्या अंगावरची ठिगळेही त्या गरिबीचीच खूण आहेत. त्याच्या कोलांट्या शिकण्याआधी त्याची भूक शिकावी. माशी पकडून, तिचे पंख उपटून, ती पक्वान्नासारखी चाखणे हा त्याचा प्रसिद्ध खेळ भुकेतून आला तरच हसू येते आणि पोटात कालवतेही. अशा घोटून तयार ठेवलेल्या खेळांना लाद्झी म्हणतात. उत्स्फूर्त अभिनय शून्यातून होत नाही. दहा-बारा लाद्झी अंगवळणी पडलेल्या असल्या की कथा अडखळली तरी नट अडखळत नाही.

बोलोन्याचा पंडित दोत्तोरे चुकीच्या लॅटिनसह अखंड बोलतो आणि त्याला श्रोता हवा असतो. कापितानो या बढाईखोर सैनिकाला आपली भीती लपवायची असते. प्रेमिकांना मुखवटा नसतो, त्यामुळे ही भूमिका सोपी समजली जाते, पण तसे नाही. जेलोसी या नाटकमंडळीची इझाबेला आंद्रेइनी हिने प्रेमिकेच्या भूमिकेत एवढे नाव कमावले ते भाषेवरील प्रभुत्वामुळे.

मुखवटा कातड्याचा आणि बहुधा अर्धा असतो. तोंड मोकळे राहते. डोळ्यांची भोके लहान असल्याने नुसती बुबुळे फिरवून काही पोहोचत नाही. नाकाच्या टोकाने पाहायचे आहे असे समजून संपूर्ण मान वळवावी आणि प्रत्येक धक्क्यानंतर क्षणभर प्रेक्षकांकडे वळावे.

मूळ प्रयोगांत पांतालोने व्हेनिसची, दोत्तोरे बोलोन्याची आणि प्रेमिक तस्कनीची भाषा बोलत. मराठीत सगळ्यांच्या तोंडी प्रमाणभाषा घातली तर निम्मे पात्र हरवते. नटाने लहानपणापासून कानावर पडलेली बोली वापरावी, तिची टिंगल न करता.

शेवटी दोन पात्रे समोरासमोर आणावीत. पांतालोने आर्लेक्किनोला पत्र पोहोचवायला पाठवतो आणि वाटेत त्याला चीजचा वास येतो. संवाद ठरवू नयेत; पत्र शेवटी कोणाच्या हाती पडते, एवढेच ठरवून सुरुवात करावी.