मुंबई ते न्यूयॉर्क विमानाला खरंच किती तास लागतात, घरबसल्या कसं काढायचं

आत्या पहिल्यांदाच लेकीकडे न्यूयॉर्कशेजारच्या न्यू जर्सीला निघाली होती, तिकीट हातात धरून म्हणते, अगं रात्री दीडला निघून सकाळी साडेसातला पोचतेय, सहा तास तर आहेत, पुरणपोळ्या काय करायच्यात! तिकिटावर दोन्ही वेळा त्या त्या गावच्या असतात हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं.

आधी अंतर काढा. कॉम्प्युटरवर गुगल मॅप उघडून मुंबई विमानतळावर राइट क्लिक, त्यात 'मेजर डिस्टन्स', मग न्यूयॉर्कच्या जेएफके विमानतळावर क्लिक. साधारण १२,५०० किमी येतं. सपाट नकाशावर रेष उत्तरेकडे चांगलीच वाकलेली दिसेल, पण चूक काही नाहीये. पोरांचा पृथ्वीगोल घरात असेल तर दोन्ही शहरांवर दोरा ताणून बघा, दोरा मॉस्कोच्या आसपास जातो, मग आइसलंडवरून आणि ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाजवळून खाली उतरतो. सगळ्यात जवळचा रस्ता हाच (मला स्वतःला हे दोरा लावेपर्यंत पटलं नव्हतं).

आता वेळ. मोठं विमान वर गेल्यावर ताशी ९०० किमीच्या आसपास उडतं, म्हणजे भागाकार करून जवळपास १४ तास, त्यात धावपट्टीपर्यंत जाणं, चढणं-उतरणं यांचा अर्धा तास मिळवा.

पण एवढ्यावर थांबू नका, कारण वारा आहे. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात, जाताना ते समोरून येतात आणि येताना पाठीमागून ढकलतात, म्हणून परतीचा प्रवास तास-दीड तासाने कमी होतो. शिवाय विमान काही दोऱ्यावरून जात नाही. २०२२ पासून अमेरिकन कंपन्यांना रशियावरून उडता येत नाही, आणि एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं, मग वळसा आलाच. त्यामुळे जाताना १५-१६ तास धरा, वळसा मोठा असेल तर आणखी. फ्लाइटरडार नावाची विमानं कुठे आहेत ते दाखवणारी वेबसाइट आहे, तिथे फ्लाइट नंबर टाकलात की गेल्या काही दिवसांत त्या विमानाला खरंच किती वेळ लागला ते दिसतं, माझा भरवसा तिकिटापेक्षा त्यावर जास्त.

आता आत्याचं गणित. न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतं, हे मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत, बाकी हिवाळ्यात साडेदहा. जाताना फरक मिळवायचा: तिकिटावरचे ६ तास अधिक साडेनऊ म्हणजे साडेपंधरा. येताना वजा करायचा: तिथून दुपारी १२ ला निघून दुसऱ्या दिवशी सकाळी साडेअकराला मुंबई, दिसायला साडेतेवीस तास पण खरे १४. मध्ये दुबई-बिबईला विमान बदलायचं असेल तरी हेच गणित, फक्त उत्तरात तिथे बसून काढलेले तासही येतात.

आणि तारीख नीट बघा. १५ तारीख, रात्री १:३० असं लिहिलं असेल तर घरातून १४ च्या संध्याकाळीच निघायचं. आमच्या ओळखीतले एक काका १५ ला रात्रीचं जेवण उरकून आरामात एअरपोर्टवर पोचले होते.