डेंड्रोबियम घरी आणायच्या आधी

डेंड्रोबियम हे ऑर्किड आणायचं ठरलं असेल, तर नर्सरीत जायच्या आठवडाभर आधी इस्त्रीवाल्याशी बोलून ठेवा. कोळसा लागणार आहे. आमच्या कोपऱ्यावरच्या काकांकडे अजून कोळशाची इस्त्री आहे, ते चहाच्या पैशांत पिशवीभर देतात. न जळलेला लाकडी कोळसा हवा, राख किंवा चुरा नको. सुपारीपासून अक्रोडापर्यंतच्या आकाराचे तुकडे करा, रात्रभर बादलीत भिजवा आणि पाणी निवळेपर्यंत धुवा. मोरी काळी होते. घरात आधीच सांगून ठेवलेलं बरं.

माती आणूच नका. माझं पहिलं झाड मी लाल मातीत, वर मूठभर शेणखत घालून मोठ्या मायेनं लावलं होतं. गणपतीपर्यंत त्याच्या मुळांचा लगदा झाला. रानात हे झाड दुसऱ्या झाडाच्या सालीवर राहतं. त्याच्या मुळांवर स्पंजासारखं आवरण असतं, ते पाणी झटकन पितं आणि मग त्याला वारा लागतो. म्हणून कुंडीत कोळसा आणि नारळाचं सोडणं, म्हणजे वरचं काथ्याचं साल, घालायचं. सोडण्याचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करून दोन-तीन दिवस भिजवा, तांबडं पाणी रोज ओतून टाका. माझं प्रमाण तीन वाटे कोळशाला एक वाटा सोडणं. गॅलरीत पाऊस थेट येत असेल तर सोडणं आणखी कमी करा, त्याऐवजी विटांचे तुकडे चालतात.

कुंडी चार-पाच इंचांची, मातीची, बाजूलाही भोकं असलेली घ्या. मोठी घेतली की मधला भाग वाळतच नाही. कुंडीत बसेल अशी एक काठी आणि बांधायला जुन्या सुती साडीच्या चिंध्या काढून ठेवा. मुळांनी धरेपर्यंत झाड हललं नाही पाहिजे.

आता जागा. सकाळचं दोन-तीन तास ऊन येणारी पूर्वेची गॅलरी असेल तर नशीबवान आहात. पश्चिमेची असेल तर मार्च ते मे निम्मं ऊन अडवणारी हिरवी जाळी बांधावी लागेल, ती आधीच बांधा. पुढचं पानं सांगतात: गडद हिरवी, लुसलुशीत झाली म्हणजे उजेड कमी पडतोय आणि फूल येणार नाही, किंचित पोपटी असली की बरोबर, पिवळी पडून डाग आले की ऊन जास्त झालं. भेट म्हणून मिळतं ते रुंद पानांचं फॅलेनॉप्सिस ऑर्किड दिसायला देखणं, पण त्याला सावली आणि दमट हवा हवी, शेंड्यात पाणी साचलं तर कुजतं. डेंड्रोबियम जाडजूड काठ्यांमध्ये पाणी साठवतं, एखादी पाळी चुकली तरी रुसत नाही. पहिल्यांदाच करत असाल तर डेंड्रोबियममधली जांभळी-पांढरी सोनिया जात घ्या.

आणायचं जूनमध्ये. आमच्या पुण्यात एप्रिलमध्ये पारा चाळिशीला टेकतो, हवा कोरडी, नवं झाड आणल्या आणल्या सुकायला लागतं. जानेवारीत एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनात मोह होतो, मला दरवर्षी होतो, पण रात्री पारा दहापर्यंत उतरतो आणि या झाडाला पंधराच्या खाली गारठा सोसत नाही. तेव्हा आणलंच तर रात्री घरात घ्या. हडपसरच्या पुढे सोलापूर रस्त्याला नर्सऱ्यांची रांग आहे, तिथे निवांत जा. फूल बघून भुलू नका. बुडाशी नवा कोंब हवा, काठी टणक हवी, मुळं पांढरी आणि टोकाला हिरवी हवीत. पान गेलेल्या जुन्या काठ्या दिसतील, त्या कापायच्या नाहीत. झाडाची शिदोरी त्यातच असते आणि कधीकधी त्यांनाही फूल येतं. झाड फुलावर असेल तर कुंडी लगेच बदलू नका. फुलं महिनाभर सहज टिकतात. ती ओसरली आणि बुडाशी नवी मुळं दिसली की मग बदला.

पाण्यासाठी एक वेगळी बादली ठेवा, नळाचं पाणी रात्री भरून सकाळी घालायचं. आमच्या सोसायटीत एका उन्हाळ्यात टँकर चालू होते, तेव्हा त्या पाण्यातल्या क्षारांचा कोळशावर पांढरा थर चढला होता. पावसाचं पाणी पिंपात धरता आलं तर उत्तम. मुळं चंदेरी दिसली तर पाणी घाला, हिरवी असतील तर थांबा. वार ठरवून घालू नका. खत एकोणीस-एकोणीस-एकोणीस (नत्र, स्फुरद, पालाश सारखं असलेलं), लिटरला अर्धा ग्रॅम, आठवड्यातून एकदा, तेही आधी साधं पाणी घालून. थंडीत दोन्ही कमी.

सह्याद्रीत फिरताना सीतेची वेणी हे रानातलं ऑर्किड झाडावर लोंबताना दिसेल. फोटो काढा, उपटू नका.

आणि कबुतरं. तिसऱ्या मजल्यावर आमच्याकडे एका जोडीला नवी मुळं घरट्याच्या काड्या वाटल्या होत्या. ग्रिलला जाळी लावल्याशिवाय कुंडी टांगू नका.