गाडी ठोकल्यावर पेग भरताय? या चुका टाळा

गेली बरीच वर्षं गाड्यांच्या इन्शुरन्स क्लेमचं काम करतोय आणि एक चूक बघून बघून अगदी वैतागलोय, ती म्हणजे अपघात झाल्यावर दारू पिणं. पिऊन चालवणं हा तर गुन्हाच आहे, १०० मिली रक्तात ३० मिलीग्रॅमच्या वर अल्कोहोल सापडलं की मोटार वाहन कायद्याचं कलम १८५, पहिल्याच वेळी ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० दंड किंवा दोन्ही. पण थेंबही न घेता गाडी ठोकलेली माणसं नंतर पिऊन स्वतःची केस घालवतात त्याचं काय करायचं?

एक गृहस्थ रात्री ऑफिसातून येताना डिव्हायडरवर चढले, एअरबॅग उघडल्या, बॉनेट पार चेपलं. मित्र येऊन घरी घेऊन गेला, हात थरथरत होते म्हणून "घे थोडी, बरं वाटेल" म्हणत त्यानेच ग्लास भरून दिला. थोड्या वेळाने छातीत दुखायला लागलं म्हणून हॉस्पिटल गाठलं, अपघाताची केस म्हणून एमएलसी (पोलिसांसाठीची मेडिको-लीगल नोंद) झाली आणि डॉक्टरांनी लिहिलं, तोंडाला दारूचा वास. दारू कधी घेतली ते कुणी विचारलंच नाही आणि यांनीही सांगितलं नाही. पिऊनच चालवली असं धरून कंपनीने क्लेम नाकारला. ऑफिसच्या गेटवरचं सीसीटीव्ही मागायला गेलो तर तोवर रेकॉर्डिंग पुसलं गेलेलं. सगळा खर्च खिशातून.

दुसरे जास्त हुशार, मुद्दाम पितात, म्हणजे आधीची किती नंतरची किती कळणार नाही. अहो, १०० मिली रक्तातलं अल्कोहोल तासाला साधारण १० ते २० मिलीग्रॅमने उतरतं, त्यावरून मागचा हिशोब लावता येतो, वर बारचं बिल आणि यूपीआयची वेळ असतेच. २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने एका क्लेममध्ये म्हटलंय की ब्रेथ किंवा रक्ताची टेस्ट नसली तरी इतर परिस्थितीवरून दारू सिद्ध करता येते. असल्या पळवाटा शिकवणाऱ्या मित्रांपासून लांब राहा.

जागेवरून पळणं हा वेगळा गुन्हा. कलम १३४ प्रमाणे जखमीला मदत करायची आणि पोलिसांना २४ तासांच्या आत कळवायचंच. जमाव अंगावर येत असेल तर सरळ पोलीस स्टेशन गाठा, घर नाही.

पोलिसांच्या ब्रेथ टेस्टच्या मशीनमध्ये फुंकायला नकार देऊ नका, तो नकारच तुमच्याविरुद्ध पुरावा होतो. कॉफी, लिंबू, बडीशेप यांनी रक्तातलं काहीही उतरत नाही. आणि पिऊन गाडी सुरू करायचा नुसता प्रयत्नही १८५ मध्येच येतो.

माझ्या क्लायंटना मी एवढंच सांगून ठेवलंय, आधी जखमींसाठी १०८, मग ११२, मग इन्शुरन्सला फोन, आणि पोलीस-डॉक्टर सगळं आटपेपर्यंत फक्त पाणी नाहीतर चहा. प्यायलेला नसाल तर स्वतःहून म्हणा माझी टेस्ट घ्या, आणि रिपोर्टची कॉपी तिथल्या तिथे मागून घ्या.