अंगणातल्या नेमबाजीसाठी पहिली एअर रायफल

पहिली एअर रायफल घेताना बहुतेक जण आधी ताकद विचारतात. अंगणात दहा मीटरवर कागदी टार्गेट फोडायला ताकद लागत नाही, हाताला बसणारी बंदूक लागते. दुकानात खांद्याला लावा, डोळे मिटा, गाल दस्त्यावर टेकवा आणि मग डोळे उघडा. माशी, म्हणजे नळीच्या टोकावरची नेमाची खूण, सरळ दिसली तर माप जुळलं. मान वाकडी करावी लागली तर ती रायफल ठेवून द्या, कितीही स्वस्त असो.

सुरुवातीला नळी खाली दुमडून भरायची साधी स्प्रिंगची, ४.५ मिमी छर्ऱ्याची घ्या. पंपाने आधीच हवा दाबून भरून ठेवायची रायफल, म्हणजे पीसीपी, नेमाला छान, पण पंपाचा खर्च वेगळा. स्प्रिंगची रायफल घट्ट आवळू नका. पुढचा हात नुसता खाली आधाराला ठेवा, तिला धक्का खाऊ द्या. घट्ट धरली की छर्रे विखुरतात. छर्रा न घालता चाप ओढू नका, आतलं सील जातं. कागदासाठी चपट्या तोंडाचे छर्रे घ्या, भोक गोल आणि स्वच्छ पडतं.

टार्गेटमागे जुन्या चिंध्या ठासून भरलेली लाकडी पेटी हवीच. नुसत्या भिंतीवरून छर्रा उलटा येतो. शिशाचे छर्रे हाताळल्यावर साबणाने हात धुवा, मुलांचेही.

आणि ससा, तितर, कबुतर यांच्यावर नेम धरायचाच नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडे शिकारीला बंदी आहे, अशा साध्या ४.५ मिमीच्या एअर रायफलला परवाना लागत नसला तरीही.