कोकणात किल्ले, राजवाडे, कातळशिल्पं बघताना या चुका टाळा

मे महिना आणि दिवाळी, या दोन्ही वेळांना रत्नागिरीतलं आमचं घर मुंबई-पुण्याच्या पाहुण्यांनी भरलेलं असतं. दोन दिवस भाट्याचा किनारा, मासे आणि सोलकढी झाली की कुणीतरी म्हणतं, "चला, आज थिबा पॅलेस करून येऊ." नेमका त्या दिवशी सोमवार असतो.

शनिवार-रविवारला जोडून रजा काढलेली, पहिले दोन दिवस समुद्राला दिलेले, मग राजवाड्यातलं संग्रहालय सोमवारवरच येऊन पडतं. आणि सोमवारी ते बंद. माझ्या मामेभावाने फाटकाच्या गजांतून फोटो काढलाय, त्यात राजवाड्यापेक्षा कुलूप मोठं दिसतं. तेव्हा संग्रहालय शनिवारी सकाळी उरका, समुद्र सोमवारीही असतो. फसलातच, तर थिबा राजाच्या समाधीकडे वळा किंवा रत्नदुर्गावर भगवतीच्या दर्शनाला जा.

दुसरी चूक राजवाड्याच्या आत होते. "इथे त्याला तीस वर्षं डांबलं होतं," असं बाप पोरांना बिनधास्त सांगत असतात. ब्रह्मदेशचा हा राजा थिबा 1885 मध्ये इंग्रजांच्या हाती पडला आणि 1886 मध्ये रत्नागिरीत आला हे खरं, पण राजवाडा बांधून होईपर्यंत 1910 उजाडलं होतं. 1916 च्या डिसेंबरात तो वारला. म्हणजे एवढ्या मोठ्या वास्तूत तो राहिला जेमतेम सहा वर्षं. हे माहीत असलं की त्या अर्धगोल लाकडी खिडक्या वेगळ्या दिसतात. आणि गंमत बघा, याच काळात, 1908 ते 1914, रत्नागिरीत जन्मलेले टिळक थिबाच्याच जुन्या राजधानीत, मंडालेच्या तुरुंगात होते. मंडालेचा राजा इकडे, इकडचा माणूस मंडालेला! टिळक आळीतलं टिळकांचं जन्मघर राजवाड्याला जोडूनच बघा, मगच हा हिशेब पुरा होतो.

अलिबागचा कुलाबा किल्ला बघणाऱ्यांची चूक घड्याळाची. ओहोटीला चालत जाता येतं एवढं ऐकून लोक जेवून-खाऊन दुपारी किनाऱ्यावर येतात आणि पाणी बघून समुद्रावर वैतागतात. घरातलं कालनिर्णय उघडा. तिथीची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता भरती पुरी. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन. म्हणजे तीनला भरती, आणि त्याच्या सहा तास आधी, नऊच्या सुमारास, ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, तो धरून चाला. हा हिशेब आमच्याकडे पोरासोरांना येतो, पण त्यातली मेख बाहेरच्यांना कुणी सांगत नाही. अष्टमीला ओहोटी बरोब्बर दुपारी बाराला येते, म्हणून ती सोयीची वाटते. पण ती भांगाची ओहोटी, तिला पाणी फारसं हटतच नाही. अमावास्या-पौर्णिमेला उधाणाचं पाणी चांगलं लांब हटतं, मात्र सकाळ-संध्याकाळी सहाला. त्यातल्या त्यात तृतीया-चतुर्थीची सकाळ उत्तम. किनाऱ्यावरच्या घोडागाडीवाल्याला विचारल्याशिवाय पाण्यात पाय घालू नका. परतताना पाणी चढायला लागलेलं दिसलं, तर "एवढं तर आहे" म्हणून उतरू नका, किल्ल्यातच थांबा. सिद्धिविनायकाचं देऊळ आहे, सावली आहे. पोरं कुरकुरतील, कुरकुरू द्यात.

मालवणला तारांबळ होते ती होडीवाल्याने दिलेल्या वेळेमुळे. सिंधुदुर्गावर साधारण तासाभराचा वेळ मिळतो आणि अर्धा तास दरवाज्यात सेल्फी काढण्यात जातो. आधी थेट शिवराजेश्वराच्या देवळात जा, मग दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी बघा. भर समुद्रात गोडं पाणी, 1664 मध्ये इथे बांधकाम काढताना याचं मोल केवढं असेल! फोटो उरलेल्या वेळात. पावसाळ्यात होड्या बंद असतात, तेव्हा जूनमध्ये येऊन जेटीवर भांडू नका.

कातळशिल्पांच्या बाबतीत मात्र मला खरोखर राग येतो. राजापूर तालुक्यातल्या कशेळीच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या माळावर, जांभ्या दगडात कोरलेला हत्ती आहे, जवळजवळ 18 मीटर लांब. लोक त्याच्या पाठीवर उभे राहून विचारतात, "हत्ती कुठाय?" तो पायाखाली आहे, महाराजा! भर दुपारी आलात तर उन्हात रेघा दिसतच नाहीत. सकाळी आठच्या आत किंवा सूर्य कलल्यावर या. तिरप्या उजेडात खाचेत सावली भरते आणि सोंड, पाय, पोटातली बारकी जनावरं एकेक करून उठून दिसायला लागतात. रेघ नीट दिसावी म्हणून खडूने, दगडाने गिरवू नका. कडेकडेने फिरा, पोरांना चौकटीबाहेर ठेवा. गुगल मॅप सड्यावर नेऊन सोडतो आणि तिथे गप्प बसतो, म्हणून गावातच कुणाला तरी विचारून घ्या. "काका, जरा दाखवायला येता का?" म्हटलं तर बहुतेक कुणीतरी येतं. त्याला चहापुरते पैसे हातावर ठेवा. आणि आलातच आहात तर गावातलं कनकादित्याचं देऊळ चुकवू नका. कोकणातली देवळं दुपारी नैवेद्यानंतर बंद होतात, म्हणून ते सकाळीच करा. गाभाऱ्याचा फोटो विचारून.

राहता राहिली सावंतवाडी. राजवाड्यात गंजिफा, म्हणजे खेळायचे जुन्या पद्धतीचे पत्ते, रंगवताना कारागीर दिसतात, तिथे पाच मिनिटं तरी शांत उभं राहा. दशावतारी गंजिफेचा जोड 120 पानांचा, पानं गोल, आणि प्रत्येक पान हाताने रंगवलेलं. किंमत ऐकून "पत्त्यांचे एवढे?" म्हणू नका. माझ्या पुण्याच्या काकूंनी म्हटलं होतं. समोरच्या बाईंनी कुंचला खाली ठेवला, एक अर्धवट रंगवलेलं पान काकूंच्या हातात दिलं आणि मालवणीत म्हणाल्या, "हो मत्स्यावतार. आता तुम्ही पुरो करून दाखवा."