केबल, डीटीएच आणि दूरसंचार कंपन्यांवरील कर व नियमांची न्याय्य तुलना कशी करावी

‘समान सेवेला समान नियम’ ही मागणी दूरसंचार कंपन्या करतात, डीटीएच कंपन्या करतात आणि केबलचालकही करतात. प्रत्येक जण मात्र आपल्याला जाचणारा नियमच तेवढा पुढे ठेवतो. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या, म्हणजे ट्रायच्या, सल्लामसलत पत्रावर अभिप्राय पाठवायचा असेल किंवा अशा मागणीतील तथ्य स्वतः तपासायचे असेल, तर पुढील रीतीने काम करावे.

तुलना सेवानिहाय करावी, कारण कंपनीनिहाय केली की हिशेब लगेच चुकतो. एकच दूरसंचार कंपनी मोबाइल, फायबर इंटरनेट आणि टीव्ही अशा तिन्ही सेवा पुरवते. उलट केबल कंपनी इंटरनेट देऊ लागली की तिला त्यासाठी दूरसंचार विभागाचा वेगळा परवाना लागतो आणि त्या उत्पन्नावर शुल्कही भरावे लागते. म्हणून कागदावर केबल टीव्ही, डीटीएच, तारेवरचे इंटरनेट आणि मोबाइल असे चार रकाने आखून प्रत्येकापुढे ग्राहकाकडून वसूल होणारा कर, सरकारला द्यायचे परवाना शुल्क, दरांवरील बंधन आणि परवानगी देणारे खाते या चार बाबी लिहाव्यात.

कराची ओळ सर्वांत सोपी आहे. १ जुलै २०१७ पासून या चारही सेवांवर १८ टक्के जीएसटी आहे, त्यामुळे ‘आमच्यावर कर जास्त’ असे कोणी म्हणत असेल तर त्याचा रोख जीएसटीकडे नसून दुसऱ्याच कशाकडे तरी आहे, हे लगेच कळते. वीस लाख रुपयांपेक्षा कमी वार्षिक उलाढाल असलेल्या स्थानिक केबलचालकाला मात्र सर्वसाधारणपणे जीएसटी नोंदणीची सक्ती नसते, ही नोंद वेगळी करावी. जीएसटीपूर्वी महाराष्ट्रात केबल जोडणीवर करमणूक शुल्क होते आणि मुंबईत ते दरमहा प्रति जोडणी ४५ रुपये असे. त्या काळातील खरा अन्याय दरात नव्हताच. डीटीएच कंपनीच्या संगणकात प्रत्येक जोडणीची नोंद असे, तर केबलच्या जोडण्यांची संख्या केबलचालक सांगेल तितकी धरली जाई. ३१ ऑक्टोबर २०१२ नंतर मुंबईत सेट टॉप बॉक्स सक्तीचा झाला आणि ही मोजणी शक्य झाली. तेव्हा दर सारखा दिसला तरी वसुली सारखी होते का, हाही प्रश्न विचारावा.

परवाना शुल्काच्या ओळीवर सर्वाधिक वेळ द्यावा, कारण खरी तफावत तेथेच आहे. दूरसंचार परवानाधारकाला समायोजित सकल महसुलाच्या, म्हणजे ठरावीक वजावटींनंतर उरणाऱ्या एकूण उत्पन्नाच्या (एजीआरच्या), ८ टक्के शुल्क द्यावे लागते. त्या ८ पैकी ५ टक्के पूर्वीच्या सार्वत्रिक सेवा निधीचे, म्हणजे दुर्गम व ग्रामीण भागांत दूरसंचार पोचवण्यासाठीच्या आताच्या डिजिटल भारत निधीचे असतात. डीटीएचचा दर पूर्वी सकल महसुलाच्या १० टक्के होता आणि २०२० च्या अखेरीस तो एजीआरच्या ८ टक्के ठरला. केबल टीव्हीच्या बहुप्रणाली चालकाला, म्हणजे वाहिन्या घेऊन त्या स्थानिक केबलचालकांमार्फत घरोघरी पोचवणाऱ्या कंपनीला (एमएसओला), असे महसुली शुल्क नाही. त्याला नोंदणीसाठी एक लाख रुपये प्रक्रिया शुल्क भरावे लागते. एक उदाहरण मांडून पाहावे. ५०० रुपयांचे मासिक बिल असेल तर जीएसटीचे ९० रुपये धरून ग्राहक सगळीकडे ५९० रुपयेच भरतो. मात्र त्या ५०० रुपयांतून तारेवरच्या इंटरनेटचा पुरवठादार ढोबळमानाने ४० रुपये परवाना शुल्क देतो, डीटीएच कंपनीही जवळपास तितकेच देते आणि केबलचा एमएसओ काहीच देत नाही. वाहिन्यांना दिलेली रक्कम वजा न करताच आमच्यावर शुल्क लागते, अशी डीटीएच कंपन्यांची आणखी एक तक्रार असते आणि ती दखल घेण्याजोगी आहे.

रेडिओ लहरींसारखी दुर्मीळ सार्वजनिक संपत्ती वापरल्याचा मोबदला म्हणून हे शुल्क आहे, असे समर्थन नेहमी केले जाते. मोबाइलला ते काही अंशी लागू पडेल. पण फायबर इंटरनेट लहरी वापरत नाही. त्याची तार केबलच्या तारेशेजारून, कित्येकदा त्याच खांबावरून, त्याच घरात जाते. माझ्या मते समानतेची सर्वांत भक्कम बाजू याच जोडीत आहे, आणि अभिप्रायात तीच आधी मांडावी.

दरांच्या ओळीत चित्र उलटे होते. मोबाइल आणि इंटरनेटचे दर कंपन्या बहुतांशी स्वतः ठरवतात. केबल आणि डीटीएचवर मात्र ट्रायची २०१७ ची चौकट १ फेब्रुवारी २०१९ पासून लागू झाली आणि तिने पहिल्या १०० वाहिन्यांसाठी नेटवर्क क्षमता शुल्काला, म्हणजे वाहिन्यांच्या किमतीखेरीज जोडणीसाठी ग्राहकाकडून घेतल्या जाणाऱ्या मासिक रकमेला, १३० रुपयांची मर्यादा घातली. ही मर्यादा जुलै २०२४ मध्ये काढली गेली. तरीही वाहिन्यांच्या गुच्छांचे नियम राहिले, आणि करार न झाल्यास नेटवर्क शुल्काची ५५ : ४५ अशी वाटणी एमएसओ व स्थानिक केबलचालक यांच्यात करण्याची तरतूदही राहिली. केबलला शुल्क नाही एवढेच सांगून हे बंधन वगळणारा अभिप्राय एकांगी ठरतो.

शेवटची ओळ खात्यांची. केबल आणि डीटीएच माहिती व प्रसारण मंत्रालयाकडे, तर मोबाइल व इंटरनेट दूरसंचार विभागाकडे येते. ट्राय जानेवारी २००४ पासून दोहोंचे नियमन करते, पण परवाना शुल्काबाबत ती केवळ शिफारस करते. त्यामुळे शुल्काविषयीची मागणी ‘मंत्रालयाला शिफारस करावी’ अशा शब्दांत लिहावी आणि वाहिन्यांच्या दरांविषयीची मागणी ‘आदेश काढावा’ अशी, कारण दरांचा अधिकार ट्रायचाच आहे.

अभिप्राय सल्लामसलत पत्रातील प्रश्नक्रमांकानुसार द्यावा, चार ओळींचा तक्ता सोबत जोडावा आणि आपण ग्राहक, केबलचालक की कंपनीचे कर्मचारी आहोत हे सुरुवातीलाच सांगावे. सूचना पाठवण्याच्या मुदतीनंतर प्रतिसूचनांसाठी वेगळी मुदत असते. त्या काळात कंपन्यांचे अभिप्राय ट्रायच्या संकेतस्थळावर वाचून, त्यांनी तक्त्यातील कोणती ओळ गाळली आहे तेवढेच दाखवणारे पानभर उत्तर पुरेसे होते. शिफारस आल्यावरही पाठपुरावा सोडू नये. ऑगस्ट २०२३ मध्ये ट्रायने डीटीएचचे शुल्क ३ टक्क्यांवर आणावे आणि २०२६-२७ या आर्थिक वर्षानंतर ते रद्द करावे, अशी शिफारस केली. अशा शिफारशीचे पुढे काय झाले, हे मंत्रालयाला माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करून विचारता येते.