मिलीलिटरचे कप करताना

पाककृतीत ६०० मिली लिहिलेलं असतं आणि हाताशी असतो फक्त कप. अशा वेळी आकड्याला ४ ने गुणा आणि हजाराने भागा: ६०० चे २४००, म्हणजे २.४ कप. हा हिशोब २५० मिलीच्या कपाचा.

पण २.४ कप ओतायचे कसे? दशांशाच्या नादी लागू नका.

१. आधी पूर्ण कप काढा. दोन कप म्हणजे ५००.
२. उरलेले १०० मिली चमच्यांनी मोजा. मोठा चमचा १५ मिली, छोटा ५. सहा मोठे, दोन छोटे, झालं.

कप किती मिलीचा आहे हे माहीत नसेल तर तो रिकामा वजनकाट्यावर ठेवून काटा शून्यावर आणा आणि काठोकाठ पाणी भरा. जितके ग्रॅम, तितके मिली. हे एकदा करून आकडा कपाच्या बुडाला लिहून ठेवावा. अमेरिकी कप साधारण २४० मिलीचा, जपानी २०० चा. तिथे चारचा गुणाकार चालणार नाही, सरळ कपाच्या मापाने भागा.

ग्रॅम म्हणजेच मिली हे फक्त पाण्यापुरतं. तेल हलकं भरतं, मध बराच जड.